चौदा वर्षे उभी असलेली मोटार

पुष्कळ वर्षे न चाललेल्या मोटारीविषयी आपण सहज म्हणून जातो की गाडी नुसती पडून आहे. या 'पडून'मध्ये एक गैरसमज दडलेला आहे. पडून राहिलेली वस्तू ठेवली तशीच राहते, काळ तिला शिवत नाही, असे आपण मनाशी धरून चालतो. म्हणूनच दहा-बारा वर्षांनी घरातील कोणाला तरी हुक्की येते, नवी बॅटरी आणली जाते, टाकीत चार लिटर पेट्रोल ओतले जाते, गल्लीतील मुले धक्का मारावयास जमतात, आणि गाडी चालू करण्याचा समारंभ पार पडतो. पुष्कळदा तो समारंभ त्या इंजिनाचा अंत्यविधी ठरतो. उभ्या इंजिनात काळ स्वस्थ बसलेला नसतो. पाणी, हवा, आम्ल आणि गंज यांचे काम तेथे अहोरात्र चालू असते. परंतु माझा अनुभव असा की, वर्षांनी केलेली बहुतेक हानी भरून काढता येते. पहिल्या दहा सेकंदांच्या घाईने केलेली मात्र सहसा येत नाही. या दहा सेकंदांच्या आधी काय करावयाचे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी यंत्रविद्येचा पदवीधर नव्हे. माझे शिक्षण वाङ्मयाचे आणि व्यवसाय सरकारी फायलींचा. परंतु गेली वीस वर्षे सुट्टीचा दिवस मी जुन्या मोटारींच्या सहवासात घालवीत आलो आहे, आणि त्यांतही ज्या एका इंजिनाशी माझा परिचय विशेष, त्याचेच उदाहरण येथे घेतो. ते आपणांपैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे; कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तेच होते. मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० ही गाडी बाहेर पडू लागली, १९६४ साली तिला जे रूप आले तेच थोड्याफार फरकाने या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकले, आणि मध्यंतरी तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. लोक मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. टॅक्सी म्हणून मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. खासगी गाड्या मात्र देशभर अजून पुष्कळ आहेत. काही नीट चालतात. पुष्कळशा कोणाच्या तरी पडवीत, कोठाराशेजारी किंवा आंब्याखाली उभ्या आहेत.

हे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. हेच माप १९३७ साली इटलीतील फियाट गाडीत आढळते. म्हणजे महायुद्धापूर्वी तुरीनमध्ये ठरलेले माप कुर्ल्यात साठ वर्षांनंतरही चालू होते. पिस्टनला आपल्या पाठ्यपुस्तकांत दट्ट्या असा चांगला शब्द आहे. परंतु गॅरेजात तो उच्चारला तर मिस्त्री आपल्याकडे कीव केल्यासारखे पाहतो, म्हणून मी पिस्टनच म्हणेन. खालचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवावयाची, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता बंद इंजिनाच्या आत काय चालते ते पाहू. पेट्रोल इंजिनातील प्रत्येक सिलिंडरचे काम चार धावांत वाटलेले असते: हवा-पेट्रोलचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, ठिणगीने पेटल्यावर त्याच्या जोराने खाली ढकलले जाणे, आणि जळका वायू बाहेर टाकणे. चार सिलिंडर असले म्हणजे कोणत्याही क्षणी चौघे चार निरनिराळ्या धावांत असतात. इंजिन थांबते तेव्हाही ते असेच, जो जेथे असेल तेथे थांबतात. याचा अर्थ, दोन सिलिंडरांचे व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि उरलेल्या दोघांचे उघडे. एकाचे दार कार्बोरेटरकडे उघडे, दुसऱ्याचे सायलेन्सरकडे. शेवटच्या दिवशी कोणी सहज किल्ली फिरवून गाडी बंद केली त्या क्षणी हे ठरून गेले. मग प्रत्येक पावसाळ्याची दमट हवा या दोन दारांनी आत येते, थंड लोखंडावर तिचे पाणी होते, सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर तोवर निथळून खाली गेलेला असतो, आणि पिस्टनच्या रिंगा जेथे टेकल्या असतील तेथे त्या गंजाने भिंतीला चिकटतात. इंजिन 'जाम' होते ते असे. ग्वाल्हेर-इंदूरच्या कोरड्या हवेत याला पुष्कळ वर्षे लागतात. तेथे रबरी नळ्या तडकणे हे मोठे दुखणे. कोकणात किंवा केरळच्या किनाऱ्यावर दोन-तीन पावसाळे पुरतात.

खाली चेंबरमध्ये साठलेले तेलही निरुपद्रवी नसते. जळक्या वायूचा अंश आणि पाणी त्यात मिसळून ते आम्लधर्मी झालेले असते, आणि ते बेअरिंगांना हळूहळू चावत राहते. रेडिएटरमधील पाणी लोखंड व ॲल्युमिनियम यांच्या सांध्यावर विजेच्या घटासारखे काम करते. दोहोंपैकी ॲल्युमिनियम झिजते आणि हेडच्या कडा पोखरल्या जातात. पेट्रोलमधील हलका भाग उडून जातो व उरलेल्याचा डिंकासारखा चिकट लेप कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतो. जुन्या पेट्रोलचा वास ज्याने एकदा घेतला आहे तो विसरत नाही. रंगाच्या डब्याच्या तळासारखा तो आंबट उग्र वास असतो. आणि या सर्वांवर उंदीर आहेत. हवेच्या गाळणीइतकी सुरक्षित, कोरडी आणि एकांतातील जागा त्यांना दुसरी कोणती मिळणार?

हे सारे प्रत्यक्षात कसे दिसते ते सांगण्यासाठी एका गाडीची हकीकत देतो. रत्नागिरीजवळच्या एका गावी आमच्या एका आप्तांची १९६९ सालची फियाट होती. काका वारले आणि गाडी कौलारू पडवीत उभी राहिली ती चौदा वर्षे. मुलगे नोकरीनिमित्त दूर, एक पुण्यास व एक बंगळूरास. घराची दुरुस्ती निघाली तेव्हा पडवी मोकळी करण्याचा प्रश्न आला, आणि भंगारवाला एक आकडा सांगून गेला. मुलांनी आपसांत ठरविले की, मूळ इंजिन फिरण्यासारखे असेल तर गाडी ठेवावी, नसेल तर देऊन टाकावी. काकूंचा मला फोन आला. म्हणाल्या, "तू एकदा येऊन बघून जा. तू नाही म्हणालास तर मी मन घट्ट करीन." अशा वाक्यानंतर रजेचा अर्ज देण्यावाचून गत्यंतर नसते.

त्या गावच्या जवळच एक मिस्त्री राहतात. वयाची सत्तरी ओलांडलेली. उमेदीची तीस वर्षे त्यांनी मुंबईत टॅक्सींच्या इंजिनांत घालविली. सर्वजण त्यांना चाचा म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा घरातील एक उत्साही तरुण नवी बॅटरी घेऊन तयारच होता. चाचांनी ती बॅटरी उचलून ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "साहेब, आधी हाताने फिरवून बघू. सेल्फला काय कळतंय? आत अडकलं आहे की नाही, हे हाताला कळतं."

या वाक्यात सगळे शास्त्र आले. सेल्फ म्हणजे इंजिन फिरविणारी विजेची मोटर. आत व्हॉल्व्ह अडकला आहे की रिंग, याचा तिला पत्ता नसतो. ती आपल्या जोराने फिरविते, आणि मग जे दुबळे असेल ते मोडते. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडण्याचे काम बारीक पुशरॉड करतात. व्हॉल्व्ह गंजून बसला असेल तर पुशरॉड वाकतो. रिंग चिकटली असेल तर ती तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडरच्या भिंतीवर खोल ओरखडा काढतो. गिअरमध्ये टाकून गाडी ओढणे हे तर त्याहून वाईट, कारण तेथे सबंध गाडीचे वजन त्या चिकटलेल्या रिंगेवर येते. दुसऱ्या एका गावी जीपला दोर बांधून ओढलेली अशी एक गाडी मी पाहिली आहे. तिचा एक कनेक्टिंग रॉड वाकला होता; ओढण्यापूर्वी त्या इंजिनात कदाचित दोन-तीन हजारांचे काम असेल, ओढल्यानंतर ते उघडून टाकण्यापलीकडे उपाय उरला नव्हता.

पहिल्या दिवशी आम्ही काहीच फिरविले नाही. प्रत्येक वायर कोठून कोठे जाते याची छायाचित्रे घेतली. हवेच्या गाळणीतून उंदरांचे घरटे काढले. त्यात नारळाचा काथ्या, एक रेशमी धागा आणि जुन्या वर्तमानपत्राचा चुरा होता. मग प्लगच्या बुडाशी गंज सोडविणारे पातळ तेल सोडून रात्रभर तसेच ठेवले. येथे ॲल्युमिनियमच्या हेडचा संबंध आला. प्लग पोलादाचा, हेड मऊ. जोर केला तर प्लग निघतो, पण हेडचे आटे सोबत घेऊन निघतो. दुसऱ्या दिवशी चारही प्लग सुखरूप निघाले, आणि ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने फडक्यावर मांडले. पहिले दोन काळे व कोरडे होते. तिसऱ्यावर तांबूस झाक होती. चौथा स्पष्ट गंजलेला.

आजकाल पेन्सिलीहून बारीक असा कॅमेरा मिळतो, तो प्लगच्या भोकातून आत सोडला की मोबाइलच्या पडद्यावर सिलिंडरची भिंत दिसते. चाचांनी तो प्रथमच पाहिला. थोडा वेळ निरखून ते म्हणाले, "आम्ही काडीला कापूस गुंडाळून आत फिरवायचो आणि कापसाचा रंग बघायचो. हे बरं आहे." पडद्यावर जे दिसले ते प्लगांनी सांगितलेलेच होते. हे इंजिन १-३-४-२ या क्रमाने पेटते. म्हणजे तिसरा सिलिंडर मिश्रण ओढण्याच्या धावेत थांबला असेल तर त्याच वेळी चौथा जळका वायू टाकण्याच्या धावेत असतो. तिसऱ्याचे दार कार्बोरेटरकडे उघडे होते, चौथ्याचे सायलेन्सरकडे. आणि गंज नेमका त्या दोघांतच होता. चौदा वर्षांपूर्वी इंजिन नेमके कोणत्या स्थितीत थांबले, ते असे एखाद्या पंचनाम्यासारखे वाचता आले, याचे मला अजूनही नवल वाटते.

मग चारही सिलिंडरांत डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे निम्मेनिम्मे मिश्रण चार-चार चमचे ओतले आणि थांबलो. काही हौशी लोक गिअर ऑइलच्या एका पातळ प्रकारात ॲसिटोन मिसळून वापरतात. त्याचाही गुण येतो. परंतु औषधापेक्षा पथ्य महत्त्वाचे, आणि येथे पथ्य म्हणजे वाट पाहणे. पहिले तीन दिवस रोज थोडे मिश्रण घालण्यापलीकडे काही केले नाही. त्या तीन दिवसांत तरुण मंडळींचा उत्साह मावळला, शेजाऱ्यांनी सल्ले दिले, आणि एका गृहस्थांनी हातोड्याचा प्रस्ताव मांडला. चाचा रोज सकाळी येत, प्लगच्या भोकातून डोकावत, आणि चहा पिऊन परत जात.

चौथ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटावर मोठा पाना लावला. पान्याला लांब पाइप जोडावयाचा नाही, हा त्यांचा दंडक. कारण पाइपाने जोर वाढतो आणि हाताचे ज्ञान कमी होते. पुली प्रथम सुताभर हलली. लगेच मागे घेतली. पुन्हा पुढे, थोडी अधिक, पुन्हा मागे. प्रत्येक वेळी तेल नव्या जागी शिरत होते आणि सुटलेला गंज परत मागे येत होता. अडले की जोर वाढवावयाचा नाही, उलट फिरवावयाचे. पुलीचे पूर्ण दोन फेरे व्हावयास, म्हणजे चारही सिलिंडरांचे एक चक्र संपावयास, सबंध दोन दिवस लागले. मध्ये वरचे झाकण काढून आठही व्हॉल्व्ह पाहिले. चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. सेल्फ मारला असता तर वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळण्याचीही भीती होती. त्याच्या दांड्यावर तेल सोडून, पिस्टन खाली असताना लाकडी मुठीने हळूहळू ठोकून तो सोडविला.

यानंतरची कामे सांगावयास सोपी आहेत. चेंबरचा बोल्ट सैल केला तेव्हा आधी पाणी आले, मग काळा चिखल, मग तेल. धातूचा कीस त्यात नव्हता. असता तर तेथेच थांबून इंजिन उघडावे लागले असते. तेलाच्या बाबतीत एक सूचना. आजची महाग, पातळ तेले आजच्या इंजिनांसाठी आहेत. या जुन्या इंजिनात कॅमचा उंचवटा सपाट टॅपेटवर घासत फिरतो, आणि त्याला तेलातील जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्याचे संरक्षण लागते. नव्या गाड्यांच्या धूरशोधक यंत्रणेला ते द्रव्य बाधक म्हणून आजच्या तेलांत ते कमी केलेले असते. तेव्हा जुन्या धाटणीचे, दाट तेलच घ्यावे. ते भरून, प्लग न लावता, आता कोठे त्या तरुणाची बॅटरी जोडली. प्लग नसल्यामुळे आत दाब निर्माण होत नाही, बेअरिंगांवर भार येत नाही, आणि इंजिन नुसते फिरत असता पंप तेल वर चढवितो. काही वेळाने डॅशबोर्डवरील तेलाचा तांबडा दिवा विझला. मग प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. तिघांचे आकडे जवळजवळ सारखे आले, चौथ्याचा सुमारे पाव हिश्श्याने कमी. एकेका आकड्यापेक्षा चौघांत मेळ आहे की नाही हे अधिक महत्त्वाचे असते. चाचांच्या मते चौथ्याच्या रिंगा चालता चालता सुटतील. आणि पुढील महिन्यांत त्या पुष्कळशा सुटल्याही.

डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासले, कंडेन्सर बदलला. कार्बोरेटर सुटा करून धुतला. त्याच्या जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठे होते, नुसती हवा मारावी. जुनी टाकी वापरलीच नाही. ती गंजाने भरलेली असते आणि नुकताच धुतलेला कार्बोरेटर एका मिनिटात पुन्हा घाण करते. त्याऐवजी ताज्या पेट्रोलची बाटली बॉनेटजवळ उंच टांगून नळी खाली सोडली. दवाखान्यातील सलाइनची आठवण व्हावी असे ते दृश्य असते. रेडिएटर उलट्या धारेने धुतला. गाडी मागील अंगणात उघड्यावर आणली, चाकांना दगड लावले, वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडे जवळ ठेवले. बंद पडवीत इंजिन चालविणे हा जिवाशी खेळ आहे. त्याच्या धुरातील विषारी वायूला रंग नाही की वास नाही. ब्रेकविषयी एवढेच सांगतो की, इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक नाहीतच असे समजावे.

आमच्या तेथील मुक्कामाच्या नवव्या दिवशी सकाळी किल्ली फिरविली. पहिल्या खेपेस एक फुसका आवाज. दुसऱ्या खेपेस दोन सिलिंडर पेटले आणि थांबले. तिसऱ्या खेपेस इंजिन चालू झाले. निळ्या धुराचा लोट उठला, तो अपेक्षितच होता, कारण ओतलेले सारे तेल जळावयाचे होते. चाचांचे लक्ष धुराकडे नव्हतेच. त्यांची नजर त्या तांबड्या दिव्यावर होती आणि हात किल्लीवर. "एक, दोन, तीन" असे ते मोठ्याने मोजत होते. पाचापर्यंत दिवा विझला नाही तर इंजिन बंद करावयाचे, असे आधीच ठरलेले होते. तिनाला तो विझला. एका मिनिटाने त्यांनी आपणहून इंजिन बंद केले, खाली वाकून गळती पाहिली, हेडच्या कडेवरून बोट फिरविले, आणि मग दुसऱ्यांदा चालू केले ते वीस मिनिटे. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ओट्यावर उभ्या होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आवाज तोच आहे रे." भंगारवाल्याला त्याच संध्याकाळी निरोप गेला.

मूळ इंजिन वाचविण्याला भावनेखेरीज आणखीही एक कारण आहे, आणि ते माझ्या व्यवसायाच्या प्रांतातील असल्यामुळे सांगतो. इंजिनाचा क्रमांक नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. त्यांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद होऊ शकते, तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि पहिल्या नोंदीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी. सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास चालत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती वगैरे कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. नियम मला एकंदरीत बरा वाटतो. ओढून नेताना फोडलेल्या इंजिनाच्या जागी दुसरे बसविणाऱ्याची मात्र येथे अडचण होते. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की सरकारी गाड्यांना एवढे भाग्य नाही: १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही. आमच्या वरिष्ठांनी ज्या पांढऱ्या अँबॅसेडर गाड्यांतून जिल्हे पालथे घातले, त्यांपैकी किती लिलावाच्या अंगणातून पुढे भट्टीत गेल्या, याचा विचार मी टाळतो.

आता इंधनाचा प्रश्न, कारण चालू झालेले इंजिन पुन्हा बंद पाडण्याचे सामर्थ्य त्यात आहे. या इंजिनाची घडण शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोलमधील शिसे गेले. ते आरोग्याच्या दृष्टीने उत्तमच झाले. परंतु शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीला जे संरक्षण देत असे तेही गेले. महिन्याकाठी चार वेळा चालणाऱ्या गाडीला याची फार भीती नाही. हेड कधी उघडलेच तर कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. याहून अधिक लक्ष द्यावयाचे ते इथेनॉलकडे. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आपल्याकडे आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. उसाच्या जिल्ह्यात नोकरी केलेल्या माणसाने इथेनॉलची निंदा करणे बरे दिसणार नाही, आणि मी ती करीतही नाही. परंतु त्याचा स्वभाव पाणी ओढून घेण्याचा आहे. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी केली, तर हवेतील ओल पेट्रोलमध्ये उतरते. आणि ती मर्यादेबाहेर गेली की पाणी व इथेनॉल यांचा वेगळा थर तळाशी बसतो. पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते. शिवाय जुन्या पंपाचा पडदा आणि जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात किंवा चिरतात. गळणारी नळी आणि तापलेले इंजिन शेजारी असल्यावर काय होईल हे सांगावयास नको. त्या फियाटचा पडदा आणि सर्व नळ्या आम्ही इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या बसविल्या. खर्च किरकोळ आहे. ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांनी दुसरे काही केले नाही तरी एवढे करावेच.

सुटे भाग अद्याप मिळतात. मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारांत, दिल्लीत, कलकत्त्यास, थोडी चिकाटी धरली तर पद्मिनीची गॅस्केट, पॉइंट, रिंगा, पाण्याच्या पंपाचे किट असे बहुतेक काही हाती लागते. दुर्मिळ होत चालले आहेत ते चाचांसारखे हात. नव्या गाडीतील दोष संगणक सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण पुली सुताभर हलून अडली तर ते गंजाने की मोडलेल्या रिंगेने, हे मनगटाला कळावयास तीस वर्षे टॅक्सी दुरुस्त कराव्या लागतात, आणि त्या टॅक्सी आता नाहीत. चाचांना मी विचारले की हे कोणाला शिकविले आहे का. ते म्हणाले, "पोरगा शिकायला तयार आहे, साहेब. शिकवायला गाडी पाहिजे ना?" काकूंच्या मुलांनी त्यावर असे ठरविले की, गाडीचे पुढील सर्व काम त्या मुलाच्या हातून आणि चाचांच्या नजरेखाली करून घ्यावयाचे. गेल्या वर्षी ब्रेक आणि क्लच त्यानेच केले. क्लचची प्लेट चिकटली होती, ती त्याने सोडविली, आणि त्याला दोन दिवस अधिक लागले म्हणून कोणी बोलले नाही.

चालू झालेल्या इंजिनाची निगा कशी राखावी असे पुष्कळ जण विचारतात. पहिले तेल अर्ध्या-एक तासाच्या चालण्यानंतर टाकून द्यावे. आत धुऊन निघालेली सारी घाण त्यात असते. पुढे पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढावी आणि इंजिन पुरते तापेपर्यंत, निदान अर्धा तास, रस्त्यावर चालवावी. अंगणात पाच मिनिटे चालू करून बंद करण्याची जी पद्धत आहे ती हिताची नाही. जळण्यातून जे पाणी तयार होते ते थंड इंजिनात तेथेच साचते, आणि आपण दर आठवड्याला मोठ्या निष्ठेने आत थोडे पाणी घालीत आहोत असा त्याचा अर्थ होतो.

आणि गाडी पुन्हा दीर्घकाळ उभी ठेवणे भागच असेल, तर तीही रीतीने ठेवावी. ताजे तेल भरून इंजिन थोडे चालवावे. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल घालून हाताने दोन फेरे द्यावेत. कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवून पेट्रोल संपवावे, बॅटरी काढावी, आणि हवेच्या तोंडाशी व सायलेन्सरच्या टोकाशी तेलकट फडक्याचा बोळा घट्ट बसवावा, म्हणजे ती दोन उघडी दारे मिटतात आणि उंदरांचीही सोय बंद होते. शेवटी एका जाड पुठ्ठ्यावर तारीख, भरलेल्या तेलाचा प्रकार, आणि कोठे कोठे बोळे घातले आहेत ते स्पष्ट अक्षरांत लिहून तो स्टिअरिंगला बांधावा. सायलेन्सरमधील बोळा विसरून सेल्फ मारणारा माणूस प्रत्येक कुटुंबात एक तरी असतो, आणि त्या वेळी आपण तेथे असूच असे नाही.